कल्याणच्या बत्तीस तबकड्या

आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास लिहितांना नव्या प्रयोगशाळेचें उद्घाटन कधीं झालें हें आवर्जून नोंदलें जातें. टाकाऊ ठरलेलें यंत्र थोडक्या खर्चांत पुन्हां कामास लावणाऱ्यांची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाहीं. म्हणून कल्याणच्या रेडिओ-दुर्बिणीची हकीकत वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ही दुर्बीण मूळची ऑस्ट्रेलियांतली. १९५१ च्या सुमारास ख्रिश्चन्सन ह्या शास्त्रज्ञानें सिडनीजवळ पॉट्स हिल येथील जलाशयाच्या कांठीं, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या २१७ मीटरांच्या रांगेंत उभ्या केल्या. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी बारकाईनें न्याहाळावयाच्या तर एकच अवाढव्य तबकडी हवी, असें कोणासही वाटेल. परंतु रांग जितकी लांब तितकी दृष्टि तीक्ष्ण. मधली जागा मोकळी राहिली तरी सूर्यासारख्या तेजस्वी गोलाच्या बाबतींत निभावतें. गरिबाच्या संसारास शोभेल अशीच ही युक्ति!

१९५३ सालीं गोविंद स्वरूप व पार्थसारथी हे दोन भारतीय तरुण तेथें शिकावयास गेले. रांग २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरींसाठीं बांधलेली होती. ती त्यांनीं ६० सेंटिमीटरांसाठीं बदलून घेतली. हें काम मोठें किचकट. प्रत्येक तबकडीपासून निघणाऱ्या वाहिनींतला लहरींचा मार्ग सारखा भरला पाहिजे; थोडा कमीअधिक झाला कीं लहरी एकमेकींस मारक होतात आणि सारी रांग आंधळी होते. दोघांनीं तें तडीस नेलें, आणि ह्या लहरींत सूर्यबिंबाची कड उजळ दिसते असें दाखवून दिलें. केंब्रिजच्या आधीच्या निरीक्षणांत ही उजळ कड आढळली नव्हती.

पुढें त्या तबकड्या तेथें नकोशा झाल्या. स्वरूपांनीं त्या भारतासाठीं मागितल्या व देणगी मंजूरही झाली. पण जहाजाच्या सुमारें ७०० पौंड भाड्यावरून घोडें अडलें! परकीय चलनाची टंचाई तेव्हां अशी होती. तबकड्या अखेर दिल्लीस पोंचल्या, तोंवर स्वरूप अमेरिकेस गेले होते. वापरणारा परदेशीं आणि यंत्र स्वदेशीं, अशीं कांहीं वर्षें गेलीं. ह्यांत दोष यंत्राच्या वयाचा नव्हता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९६३ सालीं स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रुजू झाले, तेव्हां तबकड्यांचें नशीब उघडलें. १९६५ सालीं कल्याण येथें चोवीस तबकड्या पूर्वपश्चिम ६३० मीटरांवर व आठ दक्षिणोत्तर २५६ मीटरांवर मांडल्या गेल्या. निरीक्षण ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारें ४९ सेंटिमीटर लहरींवर ठरलें. त्याच तबकड्या तिसऱ्या लहरलांबीस जुळवून घ्याव्या लागल्या. तबकड्या तितक्याच, पण रांग जवळजवळ तिप्पट लांब. जुन्या सामानांतून दृष्टि मात्र अधिक तीक्ष्ण झाली.

१९६८ पर्यंत तेथें सूर्याचीं निरीक्षणें चाललीं. ह्याच कामावर हात बसलेल्या मंडळींनीं पुढें उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची नवी दुर्बीण उभारली. ती १९७० सालीं चालू झाली.