नऊवारी आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा

भिवंडीच्या नारपोलीत हिवाळा म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली चादर आणि दहाच्या आत चढलेलं ऊन. यंत्रमागांच्या कारखान्यांत तर तेवढाही गारवा टिकत नाही. इथून खाडीपलीकडे, कल्याणात 31 मार्च 1865 रोजी जन्मलेली यमुना, म्हणजेच पुढची डॉ. आनंदीबाई जोशी, ही याच उबदार हवेतली मुलगी. वयाच्या अठराव्या वर्षी ती डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत, बर्फाच्या देशात गेली आणि तीन हिवाळे तिथे राहिली.

जाण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत तिने जाहीर सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. आहार बदलायचा नाही, पोशाख बदलायचा नाही. या शब्दाची किंमत तिच्या कॉलेजच्या गावी, फिलाडेल्फियात कळली. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. कोकणच्या दमट हवेत ती सोय. बर्फाळ वाऱ्यात तीच शिक्षा. त्यात खोलीतली शेकोटी नीट पेटेना, धूर कोंडे. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा.

अखेर तिने तोडगा काढला: साडी तीच, नेसण गुजराती. पाय घोट्यापर्यंत झाकले गेले. पती गोपाळरावांशी पत्रांतून याची चर्चा झाली, कारण त्या घरात साडीची नेसणही धर्माचा प्रश्न होती. पण विद्यार्थिनीच्या अंगावर शहारे येत असताना तो प्रश्न तिने स्वतःच्या हिमतीने सोडवला, हे विसरता कामा नये.

आणि तरीही हा हिवाळा तिला हवाच होता. त्या काळी वैद्यकीय शिक्षणाचं मुख्य सत्र शरद ऋतूत सुरू होऊन वसंताच्या तोंडाशी संपे. शवविच्छेदनाला थंडीच लागे. शव टिकवण्याचे आजच्यासारखे उपाय नव्हते. म्हणजे ज्या महिन्यांत तिचा खोकला बळावे, त्याच महिन्यांत ती शिकत होती. उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या रोझेलला तिच्या यजमान कार्पेंटरबाईंच्या घरी माया मिळे. डॉक्टरकी मात्र बर्फाच्याच दिवसांत. 11 मार्च 1886 रोजी वुमन्स मेडिकल कॉलेजची पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला खुद्द पंडिता रमाबाई हजर होत्या.

10 ऑक्टोबर 1885 चं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची केई ओकामी किमोनोत आणि सीरियाची सबात इस्लामबूली आपल्या पोशाखात. ओकामी जन्माने जपानच्या उत्तरेकडल्या आओमोरीची. तिथे बर्फाचे ढीग साचतात. तिचा हिवाळ्याशी जन्मापासूनचा परिचय, आनंदीबाईंचा मुळीच नाही.

नोव्हेंबर 1886 मध्ये आनंदीबाई मुंबईत उतरल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झालेली होती, पण कामावर रुजू होण्याइतकी ताकद उरली नव्हती. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्या गेल्या. वय एकवीस.

‘तिकडची हवा मानवली नाही’ असं म्हणून हा विषय मिटवला जातो. हे अपुरं आहे. पहिलं मूल चौदाव्या वर्षी, तेही दहा दिवसांत गेलेलं. प्रकृती आधीच नाजूक. अन्न परकं, शेकोटी धुराची, आणि सभेत दिलेला शब्द. यांतलं बरंचसं माणसांच्या हातातलं होतं. हवेचा दोष त्यांत एक, तोही सर्वांत मोठा नव्हे.