आजीची 'होरी' फोनला 'होळी' का वाटते? आपले उच्चार आयुष्यभर कसे बदलतात

आम्ही जुहू कोळीवाड्यातले. गेल्या वर्षी मी आजीला बोलून मेसेज लिहायला शिकवलं. तिचा पहिलाच मेसेज काकाला होता: होरी किनाऱ्याला लागली. होरी म्हणजे होडी. फोनने लिहिलं, "होळी किनाऱ्याला लागली." घरात हसाहशी झाली. आजीने फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "याला कलत नाय."

महिन्याभराने बघतो तर ती फोनशी बोलताना सावकाश, शाळेतल्या बाईंसारखं "होडी" म्हणत होती. आमच्याशी बोलताना अजून होरीच. मला ते काही बरं वाटलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे चूक आजीची नाही एवढं मला माहीत होतं. मग कोणाची?

फोन आवाजाचे शब्द कसे करतो?

माइक हवेतली कंपनं पकडतो आणि त्यांचे आकडे करतो. बोलण्यासाठी साधारणपणे सेकंदाला १६,००० आकडे पुरतात. मग सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणती कंपनं किती जोरात आहेत ते बघितलं जातं. त्यावरून मॉडेल अंदाज बांधतं की हा 'र' असेल, 'ड' असेल की 'ळ'. दोन स्वरांच्या मध्ये आले की हे तिघे एकमेकांच्या बरेच जवळ जातात.

खरी गंमत पुढे आहे. आवाज नक्की कळला नाही, तर मॉडेल या जागी कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त ते बघतं. त्याने जे मराठी ऐकलं आणि वाचलं, त्यात 'होळी' भरपूर वेळा आहे. 'होरी' जवळपास नाहीच. म्हणून आजीच्या किनाऱ्याला सण लागला.

आमच्या बोलीत 'ड'चा 'र', 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होतो: होरी, डोला, पानी. वऱ्हाडात तोच डोळा 'डोया' होतो. हे बोबडं बोलणं नाही, त्याला नियम आहेत. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला, त्यात कोळी बोलीचे नमुनेही आहेत. म्हणजे आजी जन्मायच्या आधीपासून ही बोली कागदावर आहे, फक्त फोनच्या अभ्यासात ती आली नाही.

इंग्रजीचंही हेच आहे बरं का. २०२० मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात सरासरी १०० शब्दांमागे १९ चुका आल्या, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५.

मग उच्चार ठरतो कधी?

आपल्याला वाटतं त्याच्या खूप आधी. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांचा तो गेला, कारण घरात तो फरक कोणी करतच नव्हतं.

पण गोष्ट तिथे संपत नाही. फिलाडेल्फियाजवळ राहायला आलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९८० मध्ये छापला गेला. लहानपणी आलेल्या मुलांनी तिथले सोपे उच्चार पटकन उचलले. एका स्वराचा अवघड नियम मात्र ज्यांचे आईवडीलही तिथलेच होते, त्यांनाच नीट जमला. मोठेपणीही उच्चार सरकतात. ब्रिटनच्या राणीच्या नाताळच्या भाषणांची १९५० ते १९८० च्या दशकांतली रेकॉर्डिंग तपासली, तर तिचे स्वर सामान्य लोकांच्या इंग्रजीकडे झुकलेले दिसले. राणीवर तर कोणाची सक्ती नव्हती!

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मार्थाज व्हिनयार्ड बेटाचा अभ्यास. मासेमारीचं बेट, उन्हाळ्यात पर्यटकांची झुंबड. जुहूच्या माणसाला वेगळं सांगायला नको. विल्यम लबॉव्हने १९६३ मध्ये दाखवलं की तिथला जुना उच्चार मरत नव्हता, उलट काही लोकांत वाढत होता. कोळ्यांमध्ये तो सर्वात ठळक होता. वयाने बघितलं तर तिशी ते पंचेचाळिशीतले पुढे होते. बाहेर शिकून बेटावर राहायला परत आलेल्या तरुणांतही तो जोरात होता. हे वाचल्यावर मला माझंच आठवलं. कॉलेजची चार वर्षं पुण्यात माझ्या तोंडी घासूनपुसून 'पाणी' होतं. आता कोळीवाड्यात शिरलो की आपोआप 'पानी'.

वयाने शरीरही बदलतं, ते वेगळंच. म्हातारपणी बायकांचा आवाज खाली येतो, पुरुषांचा थोडा वर जातो. बोलण्याचा वेग कमी होतो. दात गेले की 'स' आणि 'च' बदलतात. त्यामुळे तरुण आवाजांवर शिकलेल्या मॉडेलला आजी-आजोबा जास्त अवघड जातात.

तुम्ही काय करू शकता?

आधी लगेच होणारं काम. नेहमी लागणारे बोलीतले शब्द कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात घाला. टाइप करताना तरी फोन ते 'दुरुस्त' करायला धावणार नाही. बोलण्यात याचा फायदा प्रत्येक ॲपमध्ये होतोच असं नाही.

मॉडेल शिकवायला मात्र आवाजच लागतो. ओपनएआयचं व्हिस्पर २०२२ मध्ये आलं ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकून, आणि त्यात इंग्रजी सोडून बाकी ९६ भाषांना मिळून सुमारे १,१७,००० तास होते. त्यातली मराठी किती आणि मराठीतली कोळी किती, विचार करा. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं वाचून आवाज देता येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली रेकॉर्डिंग ऑनलाइन ऐकता येतात. तुमच्या जिल्ह्याची नक्की ऐका.

आणि घरच्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करा. साधं रेकॉर्डर ॲप चालेल. पंखा बंद ठेवा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा, शक्य असेल तर डब्ल्यूएव्ही फाइल निवडा, कारण जास्त दाबलेल्या फाइलमध्ये 'स'सारख्या आवाजांचे बारकावे जातात. "काहीतरी बोल" म्हणू नका, माणूस लगेच पुस्तकी बोलायला लागतो. मी आजीला विचारलं, बोंबील वाळत घालताना पाऊस आला तर काय करायचात? ती चाळीस मिनिटं बोलली. त्यात होरी अकरा वेळा आली, होडी एकदाही नाही.