वॉर्सातील ‘डाकघर’

आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात बालनाट्य बसविण्याची जबाबदारी बहुधा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींवर पडते. परप्रांतात वाढलेल्या चिमुरड्यांच्या जिभेला एखादे जुने, वजनदार वाक्य पेलत नाही, तेव्हा हे ताई-दादा ते कातरतात, सोपे करतात, प्रसंगी सारा प्रवेशच नव्याने बेततात. आपण पालक मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसून कौतुक करतो आणि घरी जाताना विसरूनही जातो. या कामाचे मोल किती मोठे असू शकते, हे मला एका परदेशी घटनेने शिकविले. नाटक मात्र आपल्याच देशातले होते.

रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘डाकघर’ हे नाटक १९११ साली लिहिले. अमल नावाचा एक आजारी, पोरका मुलगा माधव दत्त या दूरच्या नातलगाच्या घरी राहतो. वैद्यबुवांनी त्याला घराबाहेर पडण्याची मनाई केली आहे. खिडकीत बसून तो दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी आणि फुले वेचणाऱ्या सुधाशी गप्पा मारतो. समोर राजाचे नवे डाकघर उघडले आहे. एक दिवस आपल्याही नावे राजाचे पत्र येईल, ही त्याची आस. शेवटी राजवैद्य येतात, बंद दारे-खिडक्या उघडावयास सांगतात आणि अमल शांतपणे झोपी जातो. सुधा फुले घेऊन येते, तोवर तो निजलेला असतो.

१९१३ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरने हे नाटक इंग्रजीतून रंगभूमीवर आणले. १९१७ च्या अखेरीस, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या सुमारास, जोडासाँको येथील ठाकुरवाड्यात त्याचा प्रयोग झाला. प्रेक्षकांत महात्मा गांधी, पंडित मालवीय, ॲनी बेझंट यांच्यासमवेत लोकमान्य टिळकही होते. मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढून आलेल्या लोकमान्यांना खिडकीशी बसलेला तो मुलगा पाहून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढे हेच नाटक पोलंडमध्ये पोहोचले. वॉर्सा शहरात डॉ. यानुश कोर्चाक या नावाने प्रसिद्ध असलेले बालरोगतज्ज्ञ व लेखक ज्यू मुलांचे अनाथालय चालवीत. त्यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मिट. १९१२ पासूनच्या या अनाथालयात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, आणि चूक केली तर खुद्द डॉक्टरांनाही त्यापुढे उभे राहावे लागे. मुलाला उद्याचा नव्हे, तर आजचाच माणूस मानावे, हा त्यांचा आग्रह.

१९३९ साली जर्मनांनी पोलंड जिंकला. विद्यापीठांना टाळे लागले. १९४० च्या नोव्हेंबरात वॉर्सातील ज्यूंची वस्ती भिंतीने बंद करण्यात आली आणि त्या कोंडवाड्यात चार लाखांहून अधिक माणसे भुकेने व रोगाने झिजू लागली. अनाथालयही भिंतीआड गेले. तेथे कोर्चाकांच्या मदतीला एस्तेरका विनोग्रोन ही तरुणी होती. युद्धापूर्वी ती वॉर्सा विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकत होती. १९४२ च्या उन्हाळ्यात मुलांकडून ‘डाकघर’ बसवून घेण्याचे काम तिने केले.

मृत्यूला शांतपणे सामोरे जाणे मुलांना शिकता यावे, म्हणून कोर्चाकांनी हे नाटक निवडले असे सांगितले जाते. प्रयोगाच्या सुमारास विषारी अन्नाने अनाथालयातील बरीच मंडळी आजारी पडली होती. तरीही १८ जुलै १९४२ रोजी प्रयोग झाला. निमंत्रणात व्वादिस्वाव श्लेंगेल या कवीचे शब्दही होते.

खोलीबाहेर जाऊ न शकणारा मुलगा, पलीकडच्या डोंगरांची व वाटांची ओढ आणि न येणारे पत्र! बंगालच्या खेड्यातला अमल त्या दिवशी वॉर्साचा झाला. त्यासाठी नाटकातील एक शब्दही बदलण्याची गरज नव्हती. भोवतालच्या भिंतीनेच त्याचा अर्थ बदलून टाकला होता. नटांनी आपल्या भूमिका उद्याही तशाच पुढे चालू ठेवल्या तर काय होईल, असा विचार कोर्चाकांनी आपल्या रोजनिशीत नोंदविला आहे.

अवघ्या चार दिवसांनी, २२ जुलैला, कोंडवाड्यातून माणसे त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यास सुरुवात झाली. धरपकडीत एस्तेरका सापडली. तिला सोडविण्याचा कोर्चाकांनी प्रयत्न केला. पण सोडविले तरी त्यात तिचे भले होईल की नाही, याचीच त्यांना शंका होती. ती परतली नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्टेफानिया विल्चिन्स्का, इतर कर्मचारी आणि सुमारे दोनशे मुले त्रेब्लिंकाच्या गाडीत चढली. स्वतःचा जीव वाचविण्याची संधी कोर्चाकांनी नाकारली होती. रवींद्रनाथ त्याच्या एक वर्ष आधी, ७ ऑगस्ट १९४१ रोजी निवर्तले होते. आपले नाटक कोठे पोहोचले, हे त्यांना कधीच कळले नाही.

त्या नाटकाने एकाही मुलाचा जीव वाचला नाही, हे सत्य गोड करून सांगता येत नाही. मग एस्तेरकाने साधले काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे, ज्यांना जगाने केवळ आकडे ठरविले होते, त्यांना तिने काही काळ अमल, सुधा, दहीवाला, पहारेकरी केले. शिक्षण थांबलेल्या एका मुलीने आपल्याहून लहानांच्या हाती शब्द दिले. याहून मोठे अध्यापन कोणते?

सरकारी नोकरीतील बदल्यांमुळे मी अनेक गावची मंडळे पाहिली. आपली मुले सुदैवाने सुरक्षित आहेत; त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. पण मातृभाषेचे डाकघर त्यांच्यापासून दूर आहे, आणि तिचे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचविण्याचे काम हे तालीम घेणारे ताई-दादाच करीत असतात. पन्नास वर्षांच्या वाटचालीत ज्यांनी ज्यांनी ते केले, त्या साऱ्यांची नावे कोणत्याही अहवालात सापडणार नाहीत. निदान या स्मरणिकेच्या एका पानावर त्यांना कृतज्ञतेचा नमस्कार असावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.