दहा मैलांची कसोटी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलात, की भिगवण सोडल्यावर उजनीचे पाणी दिसते. मग पारेवाडी, वाशिंबे अशी लहान स्टेशने येतात आणि त्यानंतर जेऊर. करमाळा तालुक्यातली बरीच मंडळी इथेच उतरतात. हा लोहमार्ग १८५९-६० साली सुरू झाला. म्हणजे १८७६ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा आगगाडीला या भागात येऊन सोळा-सतरा वर्षे झाली होती. दुष्काळात धान्याच्या गाड्या याच रुळांवरून आल्या. तरीही रुळांच्या दोन्ही बाजूंची गावे उपाशी राहिली. असे का व्हावे?

या प्रश्नाकडे मी वळलो तो पुस्तकामुळे नव्हे. या बाजूच्या एका खेड्यातला माझा एक विद्यार्थी दिवाळीनंतर वर्गात येईना. महिन्याने आला, तेव्हा हकीकत कळली. बोअर आटलेली, कर्ज थकलेले. वडील आठ-दहा दिवस कुणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत, रात्री उठून विहिरीकडे जाऊ लागले. आई पाळतीवर, मुलगा पाळतीवर. मी विचारले, "अरे, कुणाला सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सर, सांगायचं कुणाला, हेच कळंना." हुशार मुलगा. करमाळा एस.टी.ने तासाच्या आत. पण अडलेल्या घराला तालुक्याची वाट सापडली नाही. मदत होती, ती त्या घरापर्यंत पोचली नव्हती. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हे अंतर फार जुने आहे, आणि ते कसे कमी होत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी जुन्या गावगाड्याविषयी थोडे. 'पूर्वी गाव सर्वांना सांभाळी' असे आपण ऐकतो. त्यात तथ्य आहे. सुगीला ज्वारी पेवात उतरवली जाई आणि ती वाईट वर्षी बाहेर निघे. बलुतेदाराला आपला वाटा मिळे. घरात काही झाले तर भाऊबंद धावत, आणि प्रसंगी तेच भाऊबंद मुळावरही येत. पण पेव असे ते ज्याच्याकडे जमीन त्याचे. गावकुसाबाहेरच्या घराला त्यातले किती आणि केव्हा मिळे, हे वेगळे सांगायला नको. शिवाय त्या आधाराला वर्षाची मर्यादा होती. एक साल बुडाले तर गाव तग धरी, दुसरे बुडाले की गावच उठे.

१८७६ साली तसेच झाले. आधीच सावकारी कर्जाने शेतकरी पिचला होता. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांच्या वह्या-खते जाळली गेली, ती याच पिचणुकीतून. त्यात पाऊस गेला. बाजारात धान्य होते, पण ते विकत घ्यायला मजुराच्या हाती पैसा नव्हता. आगगाडी धान्य आणू शकते, पैसा आणू शकत नाही. आमच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

दुसरे उत्तर अधिक कडू आहे. सरकारने दुष्काळी कामे काढली: रस्ते, तलाव, खडी. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांना मुंबई व मद्रास इलाख्यांत देखरेखीसाठी धाडण्यात आले. खर्च फार होतो, लोक गरज नसता कामावर येतात, असा वरिष्ठांचा समज होता. तेव्हा खरा गरजू ओळखायचा कसा? त्यासाठी कसोट्या ठरल्या. पहिली मजुरीची: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा. दुसरी अंतराची: धडधाकट माणसाला त्याच्या घरापासून दहा मैलांच्या आत काम देऊ नये. जो घरदार सोडून दहा मैल चालत जाईल आणि तिथल्या छावणीत राहील, तोच खरा उपाशी!

वाचकहो, ही कसोटी कुटुंबाच्या बाजूने पाहा. घरात म्हातारी आहे, तिला दहा मैल चालवत नाही. एक पोर अंगावर, एक तापाने पडलेले. एक गाय अजून जिवंत आहे. बाप गेला तर मागे कोण? सगळेच गेले तर गाय आणि म्हातारी कुणाच्या भरवशावर? ज्याचे सगळे मोडले आहे तोच तेवढा निघू शकतो. म्हणजे मदत मिळायची तर आधी घर पुरते मोडले पाहिजे. गरजू ओळखण्याची ही रीत नव्हे. गरजू तयार करण्याची ही रीत होती, असे मला वाटते.

लोकांनाही ते कळले. गावाजवळच्या कामांवरून काढून दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्यास आणि कमी केलेल्या मजुरीस नकार देऊन मुंबई इलाख्यात हजारो माणसे कामे सोडून निघून गेली. उपाशी माणसांचा हा संप होता. तो लक्षात ठेवायला हवा. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्याला फारशी जागा मिळालेली नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि दुष्काळाचे वृत्तांत सरकारकडे पाठवले. कोणत्या गावात काय भाव, किती घरे उठली, विहिरींची काय अवस्था, अशी ती माहिती होती. मदत जवळ आणायची तर आधी अडचण कुणीतरी मोजून वर कळवावी लागते, हे या मंडळींनी ओळखले.

सोलापूर जिल्ह्याची वस्ती १८७२ च्या शिरगणतीत सात लाखांच्या वर होती. १८८१ मध्ये ती पाच लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरली. गेलेले सगळेच मेले असे नव्हे. पुष्कळ जण मोगलाईत आणि दुसरीकडे गेले, काही मागाहून परतलेही. पण आपल्या गावातून दर पाच-सहा माणसांमागे एक नाहीसा झाला, असे धरून गावाकडे एकदा पाहा.

अशा वेळी मुलांचे काय होते? १८७७ साली महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला. सावित्रीबाई त्या वर्षी जुन्नर भागात दुष्काळाच्या कामात होत्या. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरला याच दशकात अनाथ आणि टाकलेल्या मुलांसाठी बालकाश्रम उभा राहिला. तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी त्यात पुढाकार घेतला आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला. पुढे तो नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. विठोबाच्या दारी विधवांना आणि तान्ह्या पोरांना सोडून जाणारी घरे होती, ही गोष्ट आपण फारशी बोलत नाही. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्या केडगावला. म्हणजे जेऊरच्याच लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे. जेऊरहून पुण्याला जाताना ते स्टेशन आजही लागते.

ही कामे मोठी होती, यात शंका नाही. पण मूल आश्रमात पोचते ते घर मोडल्यानंतर. घर मोडण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाणारी व्यवस्था हवी होती. तसा एक प्रयत्न १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणे बंद झाले. सावकाराला दावा लावण्यापूर्वी गावोगाव नेमलेल्या सलोखेदाराकडे जावे लागे; त्याच्या दाखल्यावाचून दावा दाखल होत नसे. न्यायमूर्ती रानडे पुढे या कायद्याखालचे विशेष न्यायाधीश होते. सलोखेदार सगळेच चांगले निघाले असे नाही. काही सावकाराचेच मित्र होते! पण भांडण कोर्टात जाण्याआधी ते शेजारच्या शहाण्या माणसापुढे बसून ऐकावे, ही कल्पना कायद्यात आली, ती आपल्या भागासाठी आली.

मधली बरीच वर्षे मी ओलांडतो. दुष्काळ-संहिता झाल्या, पाटील-कुलकर्ण्यांच्या यादीवरून काम न करू शकणाऱ्यांना गावातच शिधा देण्याची सोय झाली. हे सर्व सुधारणेच्याच दिशेने होते, पण मदत हा उपकार, हा भाव गेला नाही.

तो गेला १९७२ नंतर. त्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे जेऊर-केम भागात अजून आहेत. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, लाल मिलो आणि सुकडी हे शब्द त्यांच्या तोंडी अजून येतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. १८७७ शी ताडून पाहा: या वेळी नवरा-बायको एकाच कामावर जात होती आणि संध्याकाळी बहुतेक घरी परतत होती. हाल झाले, मजुरी थकली, तक्रारी झाल्या. पण गावे उठली नाहीत.

त्यातूनच रोजगार हमी आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात हा विचार आधी करून पाहिला होता. १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, तो यासाठी. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागितले की पंधरा दिवसांत काम, हा हक्क झाला. आणि २००५ च्या केंद्राच्या कायद्यात असे लिहिले गेले, की काम होता होईतो गावापासून पाच किलोमीटरच्या आत द्यावे; त्यापलीकडे न्यावे लागले तर मजुरी दहा टक्के जादा. दहा मैलांच्या आत काम नाही, इथून आपण पाच किलोमीटरच्या बाहेर नेल्यास जादा मजुरी, इथपर्यंत आलो. यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

आता पोटापाण्याखेरीजची संकटे. दारू, मारहाण, मुलीचे लवकर लग्न, ऊसतोडीला गेलेल्या घरातले शाळा सुटलेले पोर, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांसारखे मनाचे दुखणे. इथे अंतर मैलांचे नाही, माहितीचे आणि लाजेचे आहे. म्हणून शिक्षक मित्रांना थोडे व्यवहाराचे सांगतो.

गावातली पहिली दोन माणसे म्हणजे आशाताई आणि अंगणवाडी सेविका. ग्रामसेवक हा आपल्या राज्यात गावापुरता बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही असतो. हे पुष्कळ गावांत खुद्द सरपंचांना ठाऊक नसते. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, आणि १८१ या क्रमांकावर तिला बोलता येते. मुलांसाठी १०९८. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता फुकट वकील मिळतो. ही मदत १९८७ च्या कायद्याने दिलेली आहे.

मनाच्या दुखण्यासाठी १४४१६. ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आजाऱ्याच्या वतीने घरच्या माणसानेही फोन केला तरी चालतो. एक भीती मात्र मी घरोघर ऐकली आहे: "सांगितलं तर पोलीस केस होईल." जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नव्हे, उपचार देणे हे सरकारचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. हे एवढे एक वाक्य ग्रामसभेत मोठ्याने सांगितले, तरी काही घरांचे दार उघडेल.

अर्थात फोन लागला म्हणजे सगळे झाले असे समजू नका. कधी पलीकडचा माणूस पुढच्या दाराचा पत्ता देतो, आणि तिथवर हात धरून न्यायला कुणीतरी लागते. जुन्या सलोखेदाराचे काम थोडेफार तेच होते.

माझ्या विद्यार्थ्याचे वडील आता औषध घेतात. बँकेच्या हप्त्यांचे बोलणे चालू आहे. ते अजून मिटलेले नाही. मुलाने हे सारे क्रमांक वहीच्या मागल्या पानावर उतरून घेतले होते. ती वही एकदा वर्गात हातोहात फिरली. परत आली तेव्हा ते पान कुणीतरी अलगद फाडून नेले होते. कुणी, ते मी विचारले नाही. फळ्याच्या कोपऱ्यात क्रमांक पुन्हा लिहून दिले.