न्यायासनापाशी जन्मलेल्या दोन चुका

नमुन्यातील आकड्यांवर विसंबून खरी परिकल्पना फेटाळली जाणे ही सांख्यिकीय चाचणीतील पहिल्या प्रकारची चूक, तर खोटी परिकल्पना फेटाळायची राहून जाणे ही दुसऱ्या प्रकारची. फिशर यांनी १९२५ मध्ये परिकल्पना फेटाळण्यासाठी पाच टक्क्यांची मर्यादा रूढ केली आणि येझी नेमन व इगॉन पिअर्सन यांनी १९२८ ते १९३३ या काळात या दोन चुकांचा सिद्धान्त उभारला, हे सर्वश्रुत आहे. पाठ्यपुस्तकांत खटल्याचा दाखला येतो तो मात्र समजावण्याची सोय म्हणून. वस्तुतः तो या कल्पनेचा पूर्वज आहे, कारण १९३३ च्या लेखात आरोपीला दोषी ठरवण्यास न्यायाधीशांची किती मते लागावीत, या फ्रेंच गणितज्ञ लाप्लास यांच्या जुन्या प्रश्नाचे स्मरण खुद्द नेमन-पिअर्सन यांनीच केले आहे.

लाप्लास यांनी तो प्रश्न आकड्यांनी सोडवला होता. ज्युरीतील प्रत्येकाचे मत बरोबर असण्याची संभाव्यता अर्धा ते एक यांमध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने असते असे धरल्यास, सात विरुद्ध पाच मतांचा निकाल चुकीचा असण्याची संभाव्यता सुमारे दोन सप्तमांश निघते आणि बारा जणांच्या एकमताच्या निकालात ती ८१९२ मध्ये एक इतकीच उरते. परंतु एकमताची अट निरपराधाला वाचवते तशी गुन्हेगारालाही सोडवते, आणि पुरावा तेवढाच असताना एक चूक कमी केली की दुसरी वाढते, हे पुढच्या सिद्धान्ताचे मर्म येथेच हाती येते.

या कुळाला दोन प्रतिस्पर्धी आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉज आणि रोमिग यांनी मालाच्या तपासणीसाठी ग्राहकाची आणि उत्पादकाची जोखीम वेगळी मांडली, पण त्यांचा लेख १९२९ चा आहे आणि नेमन-पिअर्सन यांच्या १९२८ च्या लेखात दोन्ही चुका आधीच आल्या आहेत. गिनेस मद्यनिर्मितीगृहातील गॉसेट यांचा दावा अधिक भक्कम: परिकल्पना टाकायची तर तिच्याहून सरस पर्याय समोर हवा, हे त्यांनी १९२६ मध्ये पिअर्सन यांना पत्राने कळवले होते. तथापि त्या पत्रातून पर्यायी परिकल्पना मिळाली, चुकांची तुलना नव्हे. नेमन यांनी पॅरिसमध्ये बोरेल यांची व्याख्याने ऐकली होती. न्यायनिवाड्याच्या गणिताचा फ्रेंच वारसा त्यांच्याकडे तेथूनच आला असावा.

मात्र वारसा घेताना त्यांनी लाप्लास यांचे पूर्वगृहीत वगळले. पहिल्या चुकीची मर्यादा आधी ठरवायची आणि त्या मर्यादेत दुसरी शक्य तितकी कमी करणारी चाचणी शोधायची, अशी रीत त्यांनी घालून दिली. शिक्षा मृत्यूची की दंडाची यावर अवलंबून असणारा समतोल मात्र त्यांनी गणिताकडे न सोपवता संशोधकाकडेच ठेवला.