नक्कल नसलेला अस्सल : तत्काळ छायाचित्राचा इतिहास आणि त्याचे साधनमूल्य

१

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की थोड्याच अंतरावर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. या किल्ल्याचा इतिहास कागदपत्रांवरून बराचसा लागतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने तो मोगलांकडे गेला, १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला आणि १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तो इंग्रजांकरिता जिंकला. पायथ्याचे अरण्य १९६८ मध्ये पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखले गेले. आज तेथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण सुळक्याचे आणि स्वतःचे छायाचित्र घेतात. हे छायाचित्र दूरध्वनीच्या यंत्रात जाते आणि बहुधा तेथेच राहते.

गेल्या हिवाळ्यात प्रस्तुत लेखक विभागातील काही विद्यार्थ्यांसह कर्नाळ्यास गेला होता. एका विद्यार्थिनीजवळ तत्काळ छायाचित्र देणारा लहानसा कॅमेरा होता. पायथ्याशी बोरे व आवळे विकावयास बसलेल्या एका वृद्ध बाईंचे छायाचित्र तिने घेतले. कॅमेऱ्यातून पांढरा कागद बाहेर आला आणि मिनिट-दीड मिनिटात त्यावर चेहरा उमटला. बाईंनी तो निरखून पाहिला आणि विचारले, "हा आता माझाच ना?" विद्यार्थिनीने होकार दिला. बाईंनी तो कागद बटव्यात ठेवला. परतीच्या वाटेवर त्या विद्यार्थिनीच्या ध्यानात आले की, आपल्याजवळ या छायाचित्राची खूण म्हणून काहीच राहिलेले नाही.

प्रसंग साधा आहे. परंतु ज्या वस्तूचा काळ संपला असे २००८ मध्ये सर्वांनी गृहीत धरले होते ती पुन्हा तरुणांच्या हाती का यावी, या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. हे उत्तर वेगात शोधण्याची प्रथा आहे. ते पुरेसे नाही, हे दाखविणे आणि या उत्तरातून इतिहासाच्या अभ्यासकावर कोणती जबाबदारी येते याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

छायाचित्रणाच्या उगमापाशीच दोन वाटा फुटलेल्या आहेत. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे दागेरची कृती जगापुढे मांडण्यात आली. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटे. ते एकच असे. त्यावरून दुसरी प्रत काढण्याची सोय नव्हती. याच सुमारास इंग्लंडात टॅलबट दुसऱ्या दिशेने गेला. १८४१ मध्ये त्याने एकस्व घेतलेल्या कृतीत प्रथम कागदावर निगेटिव्ह होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. पुढील दीड शतकाचे छायाचित्रण मुख्यतः टॅलबटच्या वाटेने गेले.

मुंबईतील आरंभकाळही या दुसऱ्या वाटेचाच आहे. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण-मंडळ स्थापन झाले, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्याच्याशी संबंधित होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे छायाचित्रकार त्यातून पुढे आले. १८५६ पासून निघालेल्या हौशी छायाचित्रकारांच्या इंग्रजी चित्रमालेत मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत. एका निगेटिव्हवरून अनेक प्रती काढता येत म्हणूनच असे प्रकाशन शक्य झाले. संग्रह, प्रदर्शन, प्रकाशन आणि सरकारी नोंद या सर्वांना प्रती लागतात. तेव्हा संस्थांनी जे छायाचित्रण पुरस्कारिले ते निगेटिव्हचे असावे, यात नवल नाही.

परंतु पहिली वाट बुजली नाही. ती जत्रेत आणि रस्त्यावर जिवंत राहिली. १८५६ च्या सुमारास निघालेल्या पत्र्यावरील छायाचित्राने युरोप-अमेरिकेच्या जत्रांत गिऱ्हाइकाला काही मिनिटांत चित्र हाती देण्याची सोय केली. भारतातील अनेक शहरांत पदपथावर तिकाटणे मांडून बसणारा 'मिनिट कॅमेऱ्या'चा छायाचित्रकार याच परंपरेतला. त्याची लाकडी पेटी म्हणजे कॅमेरा आणि अंधारी खोली ही दोन्ही एकत्र असत. कापडी बाहीतून हात आत घालून तो कागदावर निगेटिव्ह तयार करी, भिंगासमोरच्या फळीवर ती लावून तिचेच पुन्हा छायाचित्र घेई आणि ओला कागद गिऱ्हाइकाच्या हाती देई. येथे निगेटिव्ह होती खरी. परंतु काम झाल्यावर तिला किंमत नसे. महाराष्ट्रातील जत्रांत रंगविलेल्या पडद्यापुढे, पुठ्ठ्याच्या विमानात बसून छायाचित्र काढून घेणाऱ्या कुटुंबालाही घरी नेण्याचा ऐवज हवा असे. छायाचित्रकाराच्या दप्तरात काय राहते याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

३

ही लोकांची जुनी मागणी आणि रसायनशास्त्र यांची भेट अमेरिकेत झाली. एडविन लँड या संशोधकाच्या तीन वर्षांच्या मुलीने १९४३ मध्ये, नुकतेच घेतलेले छायाचित्र लगेच का पाहता येत नाही, असे विचारले आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका स्वतः लँडनेच रूढ केली. तिची सत्यासत्यता कशीही असो, तिच्यात प्रश्न विचारणारी व्यक्ती छायाचित्र घेणारी नसून ते जिचे घेतले गेले ती आहे, हे लक्षणीय होय.

२१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्क येथे लँडने आपली कृती शास्त्रज्ञांपुढे करून दाखविली आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या एका दुकानात पहिला पोलरॉइड कॅमेरा विक्रीस आला. कृतीचे तत्त्व थोडक्यात असे : निगेटिव्हच्या ज्या भागावर प्रकाश पडलेला नसतो तेथील चांदीचे क्षार विरघळतात, शेजारी दाबून धरलेल्या कागदावर जातात आणि तेथे काळे चित्र घडवितात. लागणारी रसायने एका लहान पुडीत भरलेली असतात. रुळांतून जाताना पुडी फुटते आणि रसायन सारखे पसरते. १९६३ मध्ये या पद्धतीने रंगीत चित्र मिळू लागले. १९७२ च्या एसएक्स-७० या कॅमेऱ्याने निगेटिव्ह सोलून टाकण्याची खटपटही संपविली. सर्व थर एकाच चौकटीत बंद झाले आणि चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत उमटू लागले. त्या चित्राच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाची पुडी असे. लोकांनी ती जागा पुढे तारीख व नाव लिहिण्यासाठी वापरली.

काही व्यावसायिक प्रकार सोडले तर या सर्व चित्रांत पुढे उपयोगी पडेल अशी निगेटिव्ह उरत नाही. म्हणजे एका शतकाच्या वळशानंतर छायाचित्रण दागेरच्या एकाच प्रतीपाशी परत आले. लँडने वेग वाढविला हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, चित्र घेणे आणि चित्र देणे यांतील अंतर त्याने नाहीसे केले.

भारतात ही फिल्म सामान्य घरात फारशी शिरली नाही. उदकमंडलम् येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा भर कृष्णधवल फिल्म, कागद व क्ष-किरणांची फिल्म यांवर राहिला. तत्काळ फिल्म परदेशातून आणावी लागे आणि ती महाग पडे. मागणी मात्र येथेही होतीच. मुंबईत १९२४ मध्ये खुल्या झालेल्या गेटवे ऑफ इंडियासमोरचे फिरते छायाचित्रकार हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण. पर्यटकाचा पत्ता लिहून घेऊन छायाचित्र टपालाने पाठविण्याची रीत मागे पडली. आज ते अंकीय कॅमेऱ्याने छायाचित्र घेतात आणि खांद्यावरच्या पिशवीतील लहान मुद्रणयंत्रावर ते लगेच छापून देतात. ज्याच्या खिशात स्वतःचा कॅमेरा असलेला दूरध्वनी आहे तोही पैसे देऊन हा कागद विकत घेतो. केवळ प्रतिमा हवी असती तर त्याला हा खर्च करण्याचे कारण नव्हते.

४

अंकीय छायाचित्रणापुढे तत्काळ फिल्मचा व्यवसाय टिकला नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये पोलरॉइड कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये फिल्मचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्लोरियन काप्स, आंद्रे बोसमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे विकत घेऊन 'अशक्य प्रकल्प' या अर्थाच्या नावाने उद्योग आरंभिला. नाव अन्वर्थक होते. यंत्रे हाती असली तरी आवश्यक रसायने पुरविणारे कारखाने बंद झाले होते. त्यामुळे फिल्मची जवळजवळ नव्याने जुळणी करावी लागली. २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म बाजारात आली. तिच्यावर डाग पडत आणि बाहेर येताच तिला प्रकाशापासून झाकावे लागे. तरीही लोकांनी ती घेतली. २०२० पासून हाच उद्योग पोलरॉइड या मूळ नावाने चालतो.

जपानी फुजीफिल्मचा अनुभवही असाच बोधप्रद आहे. तिचा इन्स्टॅक्स कॅमेरा १९९८ मध्ये निघाला. २००२ च्या सुमारास वर्षाला सुमारे १० लाख असलेली विक्री दोनच वर्षांत सुमारे १ लाखावर उतरली. पुढे मात्र ती चढत गेली आणि २०१८-१९ या आर्थिक वर्षात १ कोटीवर पोचली. ही वाढ दूरध्वनीतील कॅमेरा सर्वत्र पसरत असतानाच झाली, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तत्काळपणा हेच आकर्षण असते तर दूरध्वनीने या कॅमेऱ्याचा शेवट करावयास हवा होता. कारण त्याच्या पडद्यावर चित्र क्षणात दिसते, तर पोलरॉइडच्या आजच्या रंगीत चित्रास पुरते उमटावयास सुमारे पाव तास लागतो. अधिक हळू, अधिक खर्चिक आणि कमी स्पष्ट असलेली वस्तू लोक निवडतात, तेव्हा तिच्यात दुसऱ्या कोणत्या तरी गुणाची अपेक्षा असली पाहिजे. तो गुण म्हणजे एकमेवता आणि हस्तांतरण. ही वस्तू दिली की देणाऱ्याजवळ उरत नाही. कर्नाळ्याच्या त्या बाईंनी विचारलेला प्रश्न मालकीचा होता आणि तो अचूक होता.

५

येथून इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न सुरू होतो. अस्सल आणि नक्कल हा भेद मराठी इतिहाससंशोधनाच्या पायाशी आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून घरोघरच्या दप्तरांतील अस्सल कागद मिळविणे, त्यांची नक्कल करणे आणि मूळ नष्ट झाले तरी मजकूर राहील अशी तजवीज करणे, ही आपली परंपरा आहे. निगेटिव्हचे छायाचित्र या परंपरेला सोयीचे होते, कारण त्याची प्रत कोठे ना कोठे सापडण्याचा संभव असतो. तत्काळ छायाचित्र हा मात्र नक्कल नसलेला अस्सल आहे. तो हरवला की पुरावाच हरवला.

शिवाय तो अल्पायुषी आहे. त्याचे रंग प्रकाशाने विटतात, आणि उष्मा व दमटपणा कोकणात सदैवच आहेत. पोलरॉइडची आजची फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअस तपमानात वापरावी असे उत्पादक सांगतात. उन्हाळ्यात पनवेलचे तपमान याहून पुष्कळ वर जाते आणि चित्रावर पिवळट-तांबूस झाक येते. ही झाक पाहून चित्र जुने असल्याचा तर्क करणे धोक्याचे होईल.

कालनिर्णयाची अन्य साधने मात्र चांगली आहेत. सोलून काढलेल्या चित्राचा कागद, १९७२ नंतरची चौकोनी प्रतिमा व खालची रुंद पट्टी, १९९८ नंतरचा इन्स्टॅक्सचा लहान उभा कागद, यांवरून चित्राची पूर्वमर्यादा ठरविता येते. पोलरॉइडच्या बंद चौकटीच्या पाठीवर छापलेल्या सांकेतिक अंकांत फिल्मच्या निर्मितीचा काळ दडलेला असतो. चित्र त्यापूर्वीचे असू शकत नाही. तिथी नसलेल्या पत्राचा काळ आपण अंतर्गत पुराव्याने ठरवितो, तीच रीत येथे लागू पडते. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांनी पत्रासोबत घरी पाठविलेल्या अशा चित्रांच्या बाबतीत पाकीटही जपून ठेवावे. टपालाचा शिक्का उत्तरमर्यादा देतो.

हा विषय केवळ छंदाचा नाही. कर्नाळ्याच्या परिसरातच पाहावे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर पनवेल व उरण तालुक्यांतील भूमी पालटत गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले त्यासाठी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. तेथील भूसंपादनाचे कागद सरकारी दप्तरात राहतील. त्यांत क्षेत्रफळ आणि मोबदला सापडेल. ओटी कशी होती, तुळशीवृंदावन कोणत्या बाजूस होते आणि लग्नात मांडव कोठे पडे, हे मात्र घरातल्या छायाचित्रांतच सापडेल. त्यांतील काही तरी एकमेव प्रती असणार. घराबरोबर ट्रंक हलते आणि ट्रंकेबरोबर कागद गहाळ होतात, हा सर्व स्थलांतरांचा अनुभव आहे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन सूचना कराव्याशा वाटतात. क्षेत्रकार्यात असे चित्र आढळल्यास मालकाच्या संमतीने त्याच्या दोन्ही बाजूंची प्रतिकृती त्याच घरी घ्यावी. मूळ चित्र मागून आणू नये. चित्रातील माणसे, स्थळ व प्रसंग यांविषयी घरातील वडीलधाऱ्यांचे सांगणे त्याच वेळी लिहून घ्यावे, कारण पट्टीवरील नाव फार तर ओळख देते, नाते देत नाही. आणि स्वतः असे चित्र कोणास दिले तर मऊ पेन्सिलीने अथवा योग्य शाईने, प्रतिमेस दाब न लागू देता, कडेच्या पांढऱ्या जागेत दिनांक व स्थळ लिहून द्यावे.

त्या विद्यार्थिनीने कर्नाळ्यास तारीख लिहिली नव्हती. पुढच्या खेपेस जाऊन लिहून येईन, असे ती म्हणाली आहे.