दूरध्वनीवरचे भोंदू तंत्रज्ञ

जास्वंदीच्या पाकळ्या चाकूच्या पात्यावर चोळायच्या, पाते वाळू द्यायचे आणि त्याने लिंबू कापायचे. लाल रस गळतो. बाबा म्हणतो, करणीचे रक्त! हा प्रयोग वर्गात करून दाखवणारे अनेक शिक्षक आमच्या वाचकांत आहेत. लिंबातील आम्लामुळे जास्वंदीचा रंग लाल होतो, एवढीच गोष्ट. लाल रस खरा असतो. खोटा असतो तो त्याचा लावलेला अर्थ.

नेमकी हीच युक्ती २००८ च्या सुमारास संगणकाच्या दुनियेत अवतरली. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील घरांत फोन येऊ लागले : "मी मायक्रोसॉफ्टकडून बोलतो आहे. तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे." इंटरनेटमुळे परदेशी फोन अगदी स्वस्त झाले होते आणि घरोघरच्या बहुतेक संगणकांत विंडोज प्रणाली होती. त्यामुळे डोळे मिटून फिरवलेला क्रमांकही बहुधा लागू पडे.

पण नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून पुरावा दाखवला जाई. विंडोजमध्ये 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची एक नोंदवही असते. विंडोज एनटीबरोबर ती १९९३ मध्ये आली. संगणकातील बारीकसारीक घडामोडी तीत आपोआप टिपल्या जातात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, जाळ्याशी जोडणी क्षणभर तुटली, की लाल वा पिवळ्या खुणेची एक ओळ पडते. ठणठणीत संगणकातही अशा शेकडो ओळी सापडतात. फोनवरचा माणूस घरमालकाला ती नोंदवही स्वतःच्या हाताने उघडायला लावी. लाल खुणा पाहून माणूस घाबरे.

दुसरा पुरावा आम्हांला अधिक चतुर वाटतो. "मी खरा की खोटा, तुम्हीच पडताळा. तुमच्या संगणकाचा लायसन्स नंबर आमच्याकडे आहे," असे म्हणून तो एक आज्ञा टंकायला सांगे : 'असॉक'. पडद्यावर लांब यादी सरके. तिच्या शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असे आणि फोनवरून वाचून दाखवलेला क्रमांक त्याच्याशी अक्षरशः जुळे! वस्तुतः हा क्रमांक फायली आकुंचित करून पाठवण्याच्या सोयीचा आहे. तो कोणा एका संगणकाचा नाही, जगातल्या सगळ्या विंडोज संगणकांत तोच आहे. आपल्या शाळेतील दोन संगणक शेजारी शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना ही आज्ञा टंकायला सांगावी. नियंत्रित प्रयोग कशासाठी करायचा, हे समजावण्यास आम्हांला याहून सोपे उदाहरण सुचत नाही.

तिसरी गंमत म्हणजे 'प्रीफेच व्हायरस' असे दोन शब्द टंकायला लावणे. विंडोज दुसऱ्या शब्दाकडे दुर्लक्ष करून 'प्रीफेच' ही आपली नेहमीची कप्पी उघडते. तीत फायली भरपूर असतातच. पाहणाऱ्याला वाटते, एवढे व्हायरस!

यानंतर दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगत आणि 'दुरुस्ती'चे पैसे मागत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये एकदम सहा दावे दाखल केले. त्यांत माणशी ४९ ते ४५० डॉलर उकळल्याचे नमूद होते. पैसे नाकारणाऱ्यावर सूडही उगवला जाई. परवलीचे शब्द सुरक्षित राहावेत म्हणून विंडोजमध्ये 'सिस्की' नावाची सोय होती. तीच वापरून हे लोक मालकालाच त्याच्या संगणकाबाहेर कोंडत. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ही सोय काढूनच टाकली.

पुढे फोन करण्याचे कष्टही वाचले. पडद्यावर अचानक धोक्याची पाटी झळकते, भोंगा वाजतो, खाली क्रमांक असतो आणि घाबरलेला माणूस आपण होऊन फोन करतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, हे कंपनीने वारंवार सांगितले आहे.

२०१२ च्या त्या दाव्यांतील बहुतेक टोळ्या भारतातून चालत होत्या, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील सोंग वेगळे, अमेरिकी कर खात्याचे होते, तंत्र तेच. शेकडो कर्मचारी ताब्यात घेतले गेले, बहुतेक तरुण. कोणत्या तरी शाळेत कोणी तरी त्यांना इंग्रजी संभाषण शिकवलेच असणार.

आता हे फोन मराठीतही येतात, बँकेच्या नावाने, विजेच्या बिलाच्या नावाने. 'एनीडेस्क' उतरवायला लावून खाती रिकामी होतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. असा फोन आल्यास तो ठेवून द्यावा आणि बँकेच्या पासबुकावरील क्रमांकावर आपण स्वतः चौकशी करावी. ताबा दिलाच गेला असेल, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी अडवले, तरच परत मिळण्याची आशा असते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणारे निवृत्त शिक्षक आम्ही पाहिले आहेत.